‘दुर्बिणीनं काढू’ म्हणजे नेमकं कशानं? कानाच्या नसेवरची गाठ आणि एंडोस्कोपचा पर्याय

प्रश्न, थोडक्यात: बहिणीचं वय ४६. वर्षभर डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कानात सतत सूंऽऽ असा आवाज, अंधारात चालताना तोल जातो. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला १६ मिलिमीटरची व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा निघाली. त्यातला ७ मिलिमीटरचा भाग हाडाच्या नळीबाहेर आहे. ऑडिओग्रॅममध्ये सरासरी ३८ डेसिबल, शब्द ओळखण्याचं प्रमाण ७६ टक्के. एक डॉक्टर म्हणतात, ‘दुर्बिणीनं काढू, कवटी उघडायला नको.’ दुसरे म्हणतात, कानामागून उघडून मायक्रोस्कोपनं. तिसरे गॅमा नाइफ, म्हणजे चीर न देता बाहेरून किरणांचा नेमका मारा, सुचवतात. दुर्बिणीचा पर्याय घ्यावा का?

उत्तर:

‘दुर्बिणीनं’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण घोटाळा तिथंच होतो. आपल्याकडे पोटाची लॅप्रोस्कोपी दुर्बिणीनं होते, सायनसचं ऑपरेशन दुर्बिणीनं होतं, आणि डोक्यावर लटकणाऱ्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली केलेलं कानाच्या पडद्याचं ऑपरेशनही दुर्बिणीनंच झालं असं म्हणतात. या गाठीच्या बाबतीत ‘दुर्बिणीनं काढू’ याचे निदान चार अर्थ निघतात. त्यातल्या एका अर्थानं तुमच्या बहिणीचा डावा कान नक्की आणि कायमचा जातो. म्हणून त्या डॉक्टरांना परत भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: एंडोस्कोप (आत घालून पाहायची बारीक नळी) की मायक्रोस्कोप (बाहेरून पाहणारा)? आणि आत शिरणार कुठून, कानाच्या भोकातून की कानामागून?

माझं मत आधी सांगतो. ‘कवटी उघडायला नको’ याचा अर्थ कानाच्या भोकातून जाणं असेल, तर तो मार्ग तुमच्या बहिणीसाठी नाही. शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर कानामागून, बहुतेक काम मायक्रोस्कोपखाली आणि शेवटचा टप्पा एंडोस्कोपनं, ही योजना तिला सगळ्यात जास्त मानवेल. पण पहिल्याच एमआरआयवर आणि एवढ्या आकाराला, येत्या महिन्यात ऑपरेशन उरकून टाकावं असं या आकड्यांत काही नाही.

आता कारणं. गाठ कुठं आहे ते डोळ्यांपुढं आलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कानामागच्या हाडात आतल्या बाजूनं साधारण १ सेंटिमीटर लांब आणि ४ ते ५ मिलिमीटर रुंद असा एक बोगदा असतो, वर ‘हाडाची नळी’ म्हटलंय ती हीच. त्यातून चार नसा जातात. चेहरा हलवणारी नस पुढं आणि वर, ऐकण्याची नस पुढं आणि खाली, आणि तोल सांभाळणाऱ्या दोन नसा मागं. गाठ उगवते ती या मागच्या तोलाच्या नसेच्या आवरणातल्या ‘श्वान’ नावाच्या पेशींपासून. म्हणजे ‘अकूस्टिक’ म्हटलं तरी ती ऐकण्याच्या नसेची नाही. हा कर्करोगही नाही. गाठ मागच्या नसेतून वाढत असल्यामुळं चेहऱ्याची नस बहुतेक वेळा पुढं ढकलली जाते आणि गाठीच्या पलीकडच्या अंगाला फितीसारखी चपटी होऊन पसरते.

मार्ग यावरूनच ठरतो. मागून येणाऱ्या सर्जनला आधी गाठ भेटते, नसा नंतर. पुढून येणाऱ्याला आधी नसा आडव्या येतात, शिवाय मेंदूकडं जाणारी मोठी कॅरोटिड रोहिणी वाटेत असते. पिच्युटरीची गाठ नाकातून दुर्बिणीनं काढतात हे आता पुष्कळांना माहीत असतं, त्यामुळं ‘हीसुद्धा नाकातून का नाही’ असा प्रश्न हमखास येतो. याचं कारण एवढंच की नाकातला मार्ग या गाठीच्या चुकीच्या अंगाला पोचतो. कुणी अकूस्टिक न्यूरोमा नाकातून काढतो म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

बोगद्याच्या बाहेरच्या टोकाला, जिथं नसा कानाच्या आतल्या भागात शिरतात, त्याला सर्जन ‘फंडस’ म्हणतात. एंडोस्कोपचं खरं मोल या जागेशी बांधलेलं आहे. कानामागून जाताना बोगद्याची मागची भिंत डायमंड बर लावलेल्या ड्रिलनं घासून गाठ उघडी करतात. पण ही भिंत टोकापर्यंत घासता येत नाही. शेवटच्या २ ते ३ मिलिमीटरवर तोलाची मागची अर्धवर्तुळाकार नलिका आणि आतल्या कानाची मधली पोकळी (व्हेस्टिब्यूल) असतात, ते उघडले तर ऐकू येणं संपतं. मग फंडस हाडाखालीच राहतो. मायक्रोस्कोप सरळ रेषेतच पाहतो, म्हणून तो कोपरा त्याला दिसत नाही. दारात उभं राहून बॅटरी मारली तर खोलीचा समोरचा भाग लख्ख दिसतो, दारामागचा कोपरा अंधारातच राहतो, तसं हे आहे. अशा वेळी सर्जन वाकड्या टोकाच्या क्युरेटनं (खरवडायच्या हत्यारानं), हाताला लागेल तसं, अंदाजानं त्या कोपऱ्यातला तुकडा ओढून काढतो. तिथं उरलेला कण पुढं वाढू शकतो, आणि न दिसता ओढताना ऐकण्याच्या नसेचे धागे किंवा आतल्या कानाला रक्त देणारी केसासारखी रोहिणी तुटू शकते.

एंडोस्कोप या कोपऱ्यात डोकावतो. ४ मिलिमीटर जाडीची, अरुंद जागेसाठी २.७ मिलिमीटरची, ही काचदांड्यांची नळी असते. सरळ पाहणारी ती शून्य अंशाची, तिरकी पाहणारी ती ३० किंवा ७० अंशांची. फंडससाठी ३० अंशांची बहुतेक वेळा पुरते. तिच्यानं उरलेला तुकडा दिसतो आणि दिसतं आहे तोवर काढता येतो. दुसरा फायदा तेवढाच मोलाचा आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. भिंत घासताना हाडातल्या हवेच्या पोकळ्या उघडतात. त्यातली एखादी बंद करायची राहिली तर मेंदूभोवतीचं पाणी तिथून मधल्या कानात आणि पुढं नाकात झिरपू लागतं. मायक्रोस्कोपच्या नजरेआड राहिलेली अशी पोकळी एंडोस्कोपनं सापडते आणि तिथल्या तिथं बोन वॅक्स व चरबीनं बुजवता येते.

आता ते चार अर्थ. पहिला, ‘दुर्बीण’ म्हणजे नुसता मायक्रोस्कोप. म्हणजे तीच जुनी, भरवशाची पद्धत, फक्त नाव वेगळं.

दुसरा, कानाच्या भोकातून फक्त एंडोस्कोपनं. इटलीत डॅनिएले मार्किओनी आणि लिव्हिओ प्रेसुट्टी यांच्या गटानं गेल्या दशकात ही पद्धत पुढं आणली. कागदावर ती मोहात पाडते: कानामागं चीर नाही, कवटीला खिडकी नाही, लहान मेंदूला हात नाही, ऑपरेशननंतरची डोकेदुखी कमी. पण मार्ग नीट पाहा. कानाचा पडदा आणि आतली हाडं काढतात, मग मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरचा उंचवटा ड्रिल करतात. त्या उंचवट्याच्या आत असतं कर्णावर्त, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखं ऐकण्याचं इंद्रिय. ते उघडून, फोडून, त्याच्या पलीकडच्या बोगद्याच्या टोकाला पोचायचं. समोर कॅरोटिड, खाली मोठी शीर, वर चेहऱ्याची नस, आणि मध्ये काही मिलिमीटरची जागा. शेवटी पोकळी पोटाच्या चरबीनं भरतात, आणि गाठ नळीबाहेर आलेली असेल तर बाहेरचं कानाचं भोकही अनेकदा कायमचं शिवून टाकतात. त्या कानात पुढं साधं श्रवणयंत्रही बसत नाही. ज्याचं ऐकणं आधीच संपलंय, गाठ बोगद्यातच आहे पण वाढतेय किंवा चक्कर थांबतच नाही, अशा माणसासाठी ही चांगली पद्धत आहे. ती रोजच्या रोज करणारे हात मात्र हवेत. गाठ बाहेर आली असेल आणि तिथं रक्तस्राव झाला, तर त्या चिंचोळ्या वाटेतून तो थांबवणं फार कठीण जातं.

तुमच्या बहिणीला ३८ डेसिबल आणि ७६ टक्के म्हणजे कामाचं ऐकू येतंय. डॉक्टर ५०-५० चा नियम लावतात: सरासरी ५० डेसिबलपर्यंत आणि शब्द ओळखणं निदान ५० टक्के असेल तर तो कान उपयोगाचा. ती या रेषेच्या बऱ्याच अलीकडं आहे, फोन या कानाला लावला तर तिला बहुधा समजेल. तो कान मुद्दाम देऊन टाकण्याचं कारण नाही. आणि कवटी न उघडण्याची किंमत हीच असेल, तर ती रुग्णाला आधी स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी.

तिसरा अर्थ, कानामागून, पण मायक्रोस्कोप न वापरता पूर्ण काम एंडोस्कोपनं. यात चीर आणि खिडकी लहान होते, म्हणून ‘की-होल’ हा शब्द कानावर पडेल. फरक किती, तर नेहमीच्या ऑपरेशनमध्ये खिडकी साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी असते, यात एक रुपयाच्या नाण्याएवढी. दोन्हींत कवटी उघडतेच, दोन्हींत मेंदूचं आवरण कापलं जातं, पाणी झिरपण्याचा आणि संसर्गाचा धोका दोन्हींत असतो. केसांत लपणाऱ्या व्रणाच्या एखाद-दोन सेंटिमीटरसाठी पद्धत निवडू नका.

चौथा अर्थ, कानामागून, मायक्रोस्कोपनं मुख्य काम आणि एंडोस्कोपची जोड. यावर मी थोडं थांबतो, कारण बहिणीसाठी शस्त्रक्रिया ठरली तर बहुधा हीच असेल.

पूर्ण भूल दिल्यावर डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं धरतात. चेहऱ्याच्या स्नायूंत, डोळ्याभोवती आणि ओठांजवळ, बारीक सुया बसवतात, कारण पुढं नसेला विजेचा सौम्य झटका देऊन स्नायू उत्तर देतात का ते सतत ऐकायचं असतं. यासाठी भूलतज्ज्ञांना श्वासनळी घातल्यानंतर स्नायू शिथिल करणारं औषध चालू ठेवता येत नाही. हे आधी न ठरल्यास मॉनिटर लावूनही त्याचा उपयोग होत नाही. ऐकणं वाचवायचं असल्यामुळं कानात टकटक आवाज सोडून मेंदूपर्यंतच्या लहरीही मोजतात. पाचवी लहर निम्म्यानं खाली आली किंवा १ मिलिसेकंदानं उशिरा आली की हात थांबवायचा, ताण सोडायचा, कोमट सलाइन सोडायचं आणि लहर परत येईपर्यंत थांबायचं. या थांबण्यामुळंच ऑपरेशन ४ ते ८ तास चालतं. घाईनं केलेल्या ऑपरेशनमध्ये पहिला बळी ऐकण्याच्या नसेचा जातो.

खिडकी उघडल्यावर आधी मेंदूभोवतीचं पाणी हळूहळू काढून घेतात. लहान मेंदू आपोआप खाली बसतो आणि त्याला मागं दाबून धरावं लागत नाही. मग गाठीच्या मागच्या अंगावर विजेची सळई फिरवून चेहऱ्याची नस तिथं नाही याची खात्री करतात, क्वचित ती असते. गाठ आधी आतून पोखरतात, कवच सैल झालं की ते नसांपासून उलगडत आणतात. बोगद्याची मागची भिंत घासताना हाडाचा भुगा आत पसरू नये म्हणून आधी भोवती जेलफोम ठेवतात. हा भुगा मेंदूच्या पाण्यात राहिला तर पुढं महिनोन्‌महिने डोकं दुखतं. कानामागच्या ऑपरेशननंतरच्या डोकेदुखीचं ते एक टाळता येण्याजोगं कारण आहे.

मायक्रोस्कोपनं दिसेल तेवढं काढून झालं की एंडोस्कोप येतो. इथं काय बिघडतं ते जाणून घ्या, कारण जाहिरातीत ते नसतं.

एंडोस्कोप पुढंच पाहतो. त्याची नळी मागं कशाला घासतेय ते पडद्यावर दिसत नाही. नळी आत-बाहेर होताना वाटेत लहान मेंदू, एक मोठी पण नाजूक शीर आणि नुकत्याच मोकळ्या केलेल्या नसा असतात. ३० अंशांचा स्कोप तर बाजूला पाहतो, म्हणजे समोर टोक कुठं रुततंय तेही दिसत नाही. म्हणून तो मायक्रोस्कोपच्या नजरेखालीच आत न्यायचा, मग पडद्याकडं बघायचं. काच रक्तानं माखली की बाहेर काढून पुसावी लागते, आणि दर वेळी परत आत नेताना तोच धोका. रक्तस्राव पूर्ण थांबल्याशिवाय स्कोप घालण्यात अर्थ नाही तो यासाठी.

उष्णतेचं भान हवं. प्रकाश पूर्ण ठेवला तर टोक नसेला भाजेल इतकं तापू शकतं. प्रकाश कमीत कमी ठेवायचा, टोक एका जागी टेकवून ठेवायचं नाही, मधूनमधून सलाइन सोडायचं. हात हा तिसरा प्रश्न. एका हातात स्कोप असेल तर दुसऱ्या एकाच हातानं गाठ सोडवावी लागते, आणि नसेवरून गाठ सोडवण्याचं काम दोन हातांचं आहे: एक हात ओढतो, दुसरा सोडवतो. म्हणून स्कोप धरणारा सहकारी त्याच सर्जनबरोबर नेहमी काम करणारा असावा, किंवा टेबलाला जोडलेला पक्का धारक हात असावा. धारकाचा स्क्रू सैल पडून नळी किंचित जरी सरकली, तरी ती मिलिमीटरभर अंतरावरच्या नसेवर जाऊन आदळते. शिवाय पडद्यावरचं चित्र बहुतेक ठिकाणी सपाट असतं, खोली कळायला सराव लागतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या काँग्रेस ऑफ न्यूरॉलॉजिकल सर्जन्सनं २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एंडोस्कोपची मदत ही ‘दिसण्यासाठी सर्जन वापरू शकतो’ एवढ्याच शब्दांत मांडली आहे. ती नुसत्या मायक्रोस्कोपपेक्षा सरस आहे असं तिथं म्हटलेलं नाही. याबद्दलची बहुतेक माहिती एकेका केंद्रानं आपल्याच जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून दिलेली आहे. कुशल हातात स्कोपनं फंडस स्वच्छ होतो, हे मी मानतो. स्कोपमुळं चेहरा किंवा ऐकणं जास्त वाचतं असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर मात्र आकडे मागा.

आकड्यांचं बोलू. त्याच सूचनांनुसार २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, आधी कामाचं ऐकू येत असलेल्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर ते टिकण्याची शक्यता २५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असते. ऐकणं अगदी चांगलं असेल तर ती वाढते, बहिणीचं तसं नाही. रेडिओसर्जरीनंतर, म्हणजे गॅमा नाइफ वगैरे, ५ वर्षांपर्यंत ते टिकण्याची शक्यता ५० ते ७५ टक्के, आणि १० वर्षांनी २५ ते ५० टक्के. नुसतं लक्ष ठेवलं तरी १० वर्षांचा पल्ला जवळजवळ तोच. यात कुठलीही बाजू ऐकणं कायम राखत नाही, फक्त ते किती वर्षं पुरतं एवढा फरक पडतो. चेहऱ्याच्या बाबतीत या आकाराला बातमी चांगली आहे. २ सेंटिमीटरखालच्या गाठीत अनुभवी केंद्रांत दहातल्या नऊ किंवा जास्त रुग्णांचा चेहरा वर्षभरानं जवळपास पूर्ववत असतो. गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढं गेली की हे प्रमाण बरंच खाली येतं. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण डोकेदुखी, उलट्या आणि चालताना झोकांड्या सुरू झाल्यावर, मोठी गाठ घेऊन येतात. बहीण लवकर आली आहे, त्यामुळं तिला निवड करता येते आणि विचार करायला वेळही आहे.

थांबण्याबद्दल एक ठोस आधार आहे. नॉर्वेत बर्गनच्या केंद्रानं नुकतंच निदान झालेल्या १०० जणांवर चाचणी केली, गाठी नळीबाहेर २ सेंटिमीटरपेक्षा लहान. चिठ्ठी टाकावी तशी ५० जणांना लगेच गॅमा नाइफ दिलं, ५० जणांवर नुसतं लक्ष ठेवलं. २०२३ मध्ये निकाल आला. लगेच उपचार झालेल्यांच्या गाठी ४ वर्षांत सरासरी थोड्या आकसल्या, दुसऱ्या गटात त्यांचं आकारमान साधारण दीडपट झालं. पण वाट पाहणाऱ्या ५० पैकी २८ जणांना त्या ४ वर्षांत कुठलाच उपचार लागला नाही, आणि ऐकण्यात दोन्ही गटांत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे थांबणं हा निष्काळजीपणा ठरत नाही, पण ते एमआरआयसकट थांबणं असलं पाहिजे. पहिला ६ महिन्यांनी, मग दरवर्षी, त्याच मशीनवर शक्य असेल तर, १ मिलिमीटरखालच्या पातळ कापांचा, आणि दर वेळी ऑडिओग्रॅम. मोजताना नळीतला भाग धरून की सोडून, हे रिपोर्टात लिहून घ्या. एकानं १६ आणि दुसऱ्यानं ७ लिहिलं की गाठ आकसली असा भास होतो.

गाठ वाढतेय असं दिसलं तर ४६ व्या वर्षी गॅमा नाइफ आणि शस्त्रक्रिया दोन्ही समोर ठेवून बोलावं लागेल. गॅमा नाइफमध्ये गाठीच्या कडेला १२ ते १३ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) इतका डोस देतात, १० वर्षांनंतर ९० टक्क्यांहून जास्त गाठी ताब्यात असतात. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ आहे, काही ठिकाणी सायबरनाइफ किंवा लिनॅक या किरणांच्या दुसऱ्या यंत्रांवरही हा उपचार होतो. त्यात गाठ काढली जात नाही, तिची वाढ थांबते. उपचारानंतर ६ ते १८ महिन्यांत ती तात्पुरती फुगलेली दिसू शकते, तेव्हा घाबरून ऑपरेशन करू नये. उलट बाजू अशी की नंतर कधी खरंच ऑपरेशन करावं लागलं तर गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटलेली मिळते आणि काम अवघड होतं. माझा कल तिच्यासाठी असा: पुढच्या स्कॅनपर्यंत थांबणं, वाढ दिसली तर रेडिओसर्जरीचं मत आधी घेणं. तोल किंवा चक्कर हाच तिचा सगळ्यात मोठा त्रास असेल, किंवा गाठ मनावरच ओझं झाली असेल, तर अनुभवी हातांची कानामागची शस्त्रक्रिया.

सर्जनला भेटाल तेव्हा विचारा: वर्षाला अशा किती गाठी काढता? या आकाराच्या गाठींत वर्षानंतर चेहरा हाउस-ब्रॅकमन श्रेणी (चेहऱ्याची हालचाल मोजायची पट्टी, एक म्हणजे पूर्ण ठीक) एक किंवा दोनमध्ये किती जणांचा असतो, तुमच्या स्वतःच्या रुग्णांत? नसेचं मॉनिटरिंग कोण करतं, तंत्रज्ञ पूर्ण वेळ हजर असतो का? न्यूरोसर्जन आणि कानाचा सर्जन दोघं टेबलावर असतात का? एंडोस्कोप नेमक्या कुठल्या टप्प्यावर? रक्तस्राव झाला तर मायक्रोस्कोप त्याच खोलीत, झाकण काढून तयार असतो का? आणि शेवटचा, जो नातेवाइकांना विचारायला अवघड वाटतो: गाठ चेहऱ्याच्या नसेला घट्ट चिकटली असेल तर तुम्ही काय सोडाल, गाठीचा पापुद्रा की नस? पापुद्रा सोडतो असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे. तो उरलेला पापुद्रा एमआरआयवर पाहता येतो, वाढला तर किरणांनी थांबवता येतो. तुटलेली नस मात्र पूर्वीसारखी जोडता येत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुम्ही निवडलेलं रुग्णालय आणि हा उपचार बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राकडं आधीच विचारून घ्या.

ऑपरेशन झालंच तर पहिले ३ ते ५ दिवस जोरात चक्कर आणि मळमळ होईल, ते अपेक्षित आहे. बिछान्यात पडून राहिल्यानं तोल उशिरा येतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून बसवणं, मग धरून चालवणं, आणि तोलाचे व्यायाम. नाकातून पाण्यासारखं, खारट, पुढं वाकल्यावर थेंबथेंब गळणारं काही आलं तर ती सर्दी समजू नका, त्याच दिवशी कळवा. ते पाणी थांबलं नाही तर मेंदूज्वर होऊ शकतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू देऊ नका. चेहरा आधी ठीक असून चौथ्या-पाचव्या दिवशी वाकडा झाला तर तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत परत येतो. तोपर्यंत डोळ्याची काळजी घरच्यांची: दिवसा दर एक-दोन तासांनी अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम घालून पापणी टेपनं बंद. त्या बाजूचा डोळा बधिरही असेल तर बुबुळाला जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून लाल दिसला की लगेच नेत्रतज्ज्ञांकडं न्या.

थांबण्याचा निर्णय घेतलात तर तारखेची वाट न पाहता जायचं कधी, तेही लिहून ठेवा. कान अचानक, एक-दोन दिवसांत, आणखी बंद झाला तर त्याच आठवड्यात, कारण स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो. चेहऱ्याला बधिरपणा आला, एकाचे दोन दिसू लागले, सकाळी डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या किंवा चालताना पाय फाकू लागले तर त्याच दिवशी. आणि कुठंही जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची मूळ सीडी आणि आतापर्यंतचे सगळे ऑडिओग्रॅम एका पिशवीत ठेवा. चेहऱ्याची नस आणि फंडस याबद्दल जे काही कळतं, ते त्या सीडीतल्या चित्रांवरून कळतं.